फळी नंबर एकेचाळीस

५ जानेवारी, रविवार

एकोणीस वर्षांपूर्वी मदर ब्रूम मला म्हणाल्या होत्या, "ऑरीन, तुझं ऐकायला कुणी बसलं, तर त्याला उठवू नकोस."

चर्चच्या पायरीवर बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी नुकतीच पास्टर झाले होते, त्यांची जागा घेणार होते आणि त्यांना माझ्या योजना सांगत होते. त्याच वर्षी त्या गेल्या. ते वाक्य मी आजवर पाळलं आहे. लोक बसलेले आहेत तोवर मी थांबत नाही.

आजचं प्रवचन एक तास दहा मिनिटं. कुणीही उठलं नाही. चर्चची व्यवस्था बघणारा डिकन बॉइस उठला, पण तो खिडकीची झडप बघायला. झडपेला काही झालेलं नव्हतं. अर्धा तास बघत होता.

नवी वही, नवा संकल्प. या वर्षी आमचं चर्च सिमेंटच्या भिंतींचं होणार.

१४ जानेवारी

राजधानीत, ब्रिजटाउनला पास्टर लोकांची बैठक. पास्टर स्प्रिंगरच्या चर्चमध्ये. सिमेंटच्या भिंती, रंगीत काचा, एसी. मला हुडहुडी भरली. स्प्रिंगर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सिस्टर गिटन्स, अजून फळ्यांतच का?"

मी हसले. बसमध्ये आमच्या सेंट लुसीपर्यंत दात आवळून बसले.

फळ्यांतच. खरं आहे. पाया नाही, नुसत्या दगडांवर ठेवलेलं लाकडी खोकं. आजोबांच्या काळात ठीक होतं. जमीन मळेवाल्याची, घर आपलं. मळेवाल्याने हाकललं की घर सुटं करायचं, गाडीवर रचायचं आणि दुसरीकडे जाऊन उभं करायचं. पण आता जमीन आमच्या पंथाच्या मिशनने विकत घेतली आहे. आम्हाला कोण हाकलणार? देवाचं घर केव्हाही निघून जाईल असं का दिसावं?

१९ जानेवारी, रविवार

योजना जाहीर केली. तीनशे माणसांची जागा, चाळीस गाड्यांचं पार्किंग, फरशीचे संडास. बिस्किटांच्या खोक्याचं मॉडेल केलंय, ते टेबलावर ठेवलं. मंडळी थक्क.

मग पुढच्या बाकावरून सिस्टर उंडीन कॅलेंडर बोललीच. ही बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, म्हणून तिला वाटतं की चर्चमध्येही मला काहीही बोलावं. म्हणाली, "तीनशे येतील तेव्हा येतील गं. आधी या एकतीस जणांचा पंखा दुरुस्त कर."

लोक हसले. कोण कोण हसलं त्यांची नावं लिहून ठेवणार होते. सगळेच होते, म्हणून राहू दिलं.

ठराव: दर रविवारी प्रत्येकाने सिमेंटचा एक ब्लॉक आणायचा.

२६ जानेवारी, रविवार

ब्लॉक आले: सात. त्यातले दोन फुटके. एक ओळखीचा वाटला. घरी जाऊन बघितलं, माझ्याच कुंपणाचा.

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून प्रवचनाआधी बांधकामाचा अहवाल देण्याची पद्धत सुरू केली. मंडळीला विश्वासात घेतलं पाहिजे. अजून काही बांधलेलं नसल्यामुळे जे बांधलं जाईल त्याचा अहवाल दिला. पंचवीस मिनिटं.

मॉडेलचं झाकण उघडून दाखवायला गेले, तर आत गोगलगाय. मोठी. अर्धं पार्किंग खाल्लेलं.

कुणी ठेवली ते विचारलं नाही. उंडीन माझ्याकडे बघत नव्हती, एवढं पुरे. मी म्हटलं की बघा, मुक्या जिवालाही नव्या चर्चमध्ये यावंसं वाटतंय. मागून कुणीतरी म्हणालं, "तिचं घर तिच्या पाठीवरच आहे, ऑरीन. तिला काय कमी?"

आवाज बॉइसचा होता. बॉइस सत्तरीचा सुतार. माझ्या जन्माआधीपासून तो या चर्चच्या फळ्या बदलतोय. नवं चर्च झालं की त्याला काम उरणार नाही, हे त्याचं खरं दुखणं. मी त्याला माफ केलं आहे. आज पुन्हा केलं.

१३ फेब्रुवारी

कंत्राटदार मिळाला. पकरिन. दोन ट्रक आहेत त्याच्याकडे, माणूस धडाडीचा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे दहा मिनिटांत नकाशा काढला.

२७ फेब्रुवारी

बांधकाम परवान्याच्या ऑफिसने नकाशा परत पाठवला. नव्या चर्चचा पुढचा भाग सार्वजनिक रस्त्यावर येतो आणि बसस्टॉप आत जातो म्हणे. पकरिनचं म्हणणं, रस्त्याबद्दल बोलता येईल.

रविवारच्या अहवालात लिहिलं: "सरकारी पातळीवर चर्चा सुरू."

२ मार्च, रविवार

आज महत्त्वाची घोषणा. जुनं चर्च पाडणार हे त्यांना माहीत होतं, पण लाकडाचं काय करणार ते सांगितलं नव्हतं. मी वाया काही घालवत नाही. सांगितलं की सगळ्या फळ्यांतून माझ्या घरामागे कोंबड्यांचं मोठं खुराडं करू. अंडी मंडळीलाच.

अंड्यांबद्दलही कुणी विचारलं नाही.

उपासना संपल्यावर बॉइस दारात थांबला. टोपी हातात. म्हणाला, "ऑरीन, माझ्या बापाने हे छप्पर एका हाताने चढवलं. दुसरा साखर कारखान्याच्या चरकात गेला होता. त्यात तू कोंबड्या ठेवणार?"

मी म्हटलं, कोंबड्याही देवाच्याच. मला वाटतं हे उत्तर त्याला पोचलं. त्याने टोपी घातली आणि गेला.

मग उंडीन. तिचं दुखणं दाराशेजारच्या फळीचं. मदर ब्रूम दर सुगीच्या रविवारी मुलांना त्या फळीला पाठ लावून उभं करायच्या आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायच्या. अर्धं गाव त्या फळीवर आहे. मी म्हटलं की सिमेंटवरही रेघा मारता येतात.

"तुझीपण आहे तिथे," उंडीन म्हणाली. "नऊ वर्षांची होतीस. तेव्हा छान गप्प असायचीस."

मत्सर. दुसरं काही नाही.

९ मार्च, रविवार

बॉइसने आज मला पहिल्यांदाच "पास्टर गिटन्स" म्हटलं. आजवर लहानपणासारखं "ऑरीन" चालू होतं. घोषणेचा परिणाम. माणसाला ठामपणा दाखवला की आदर आपोआप येतो.

उंडीन माझ्याशी बोलत नाही. शांतता बरी वाटते.

निवडणूक मे महिन्यात. मतदानाच्या दिवशी सुट्टी. नव्या चर्चची मंडळी जागरूक नागरिकांची असली पाहिजे, म्हणून "नागरिकाचं कर्तव्य" ही प्रवचनमाला सुरू केली. पंधरा वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय मी. पहिलं प्रवचन मतदारयादीवर. एकतीसपैकी नऊ जण झोपले. दहावा डोळे उघडे ठेवून झोपला होता.

२३ मार्च, रविवार

आजचं प्रवचन म्हणजे माझ्या आयुष्यातलं शिखर.

विषय: आपले हक्क. उदाहरणासाठी चर्चची जुनी इतिवृत्ताची वही कपाटातून काढली. त्यातला ठराव वाचून दाखवला: जमीन मळ्याची, आता मिशनची; इमारत मात्र ज्यांनी बांधली त्या सभासदांची आणि त्यांच्या वारसांची. मी समजावलं की नागरिकाला आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे कळलं पाहिजे. जुन्या काळी भाडेकरूला आपलं घर उचलून न्यायचा पूर्ण हक्क होता, तो कुणी काढून घेतलेला नाही, वगैरे.

कुणी झोपलं नाही. बॉइसने हात वर केला आणि तो ठराव पुन्हा वाचायला सांगितला. जरा सावकाश. मग उंडीनने, हो उंडीनने, प्रत मिळेल का विचारलं.

एकोणीस वर्षांत माझ्या प्रवचनाची प्रत कुणी मागितली नव्हती.

२४ मार्च

तीस प्रती काढल्या. ठराव आणि खाली माझं स्पष्टीकरण. प्रत्येकीवर सही केली. हात दुखतोय. गोड दुखणं.

६ एप्रिल, रविवार

काम करण्याची माझी एक पद्धत आहे: पाडायचं तेही शिस्तीत. फळ्या कुठल्या कुठे जाऊ नयेत, खुराड्याला मापं नीट मिळावीत, म्हणून प्रत्येक फळीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचे असं जाहीर केलं. कोण करेल विचारताना डोळे मिटून घेतले, कारण हातच वर होत नाहीत हे बघवत नाही.

डोळे उघडले तर बावीस हात.

१२ एप्रिल, शनिवार

दिवसभर नंबर. बॉइस मुकादम. भिंती, छप्पर, झडपा, बाकं, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा. कुठली फळी कुठल्या फळीशेजारी, हे त्याने वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, एवढं खुराड्याला लागत नाही. तो म्हणाला, "केलं तर नीट करावं, पास्टर गिटन्स."

मी नारळाचा गोड पाव नेला. खाल्ला. कुणी आभार मानले नाहीत, पण खाल्ला.

दाराशेजारची फळी एकेचाळीस नंबर. तिच्यावर त्यांनी नंबर मागच्या बाजूने घातला, पेन्सिलीच्या रेघांना रंग लागू नये म्हणून. कोंबड्या काय रेघा वाचणार आहेत? पण मी बोलले नाही. विरोध मावळतोय. मावळणाऱ्याला टोचू नये.

२० एप्रिल, ईस्टर

नागरिकाचं कर्तव्य, भाग चार. सकाळी लवकर मतदान करा, म्हणजे सुट्टीचा सगळा दिवस हाताशी राहील, असं सांगितलं. नेहमीप्रमाणे मी शाळेतल्या केंद्राची अध्यक्ष असणार, हेही सांगितलं.

उपासनेनंतर उंडीन स्वतः आली. प्रत मागितल्यानंतर पहिल्यांदाच बोलली. त्या दिवशी मी किती वाजता मोकळी होणार, हे विचारायला. मी सांगितलं की पहाटे पाचला आत जायचं, फोन जमा करायचा, केंद्र सोडायचं नाही. सहाला मतदान संपलं की पेट्यांबरोबर मोजणीला. घरी यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ. ती म्हणाली, "म्हणजे दुपारी जेवायलासुद्धा घरी येत नाहीस?" मी म्हटलं, नाही. "नक्की ना?"

माझं जेवण ती पाठवणार आहे.

माणसं बदलतात. धीर धरावा लागतो, आणि बोलत राहावं लागतं.

४ मे, रविवार

ब्लॉकचा चमत्कार. गेले दोन रविवार लोक गाड्यांच्या डिकीत घालून ब्लॉक आणतायत. अख्खे, सरळ. दोनशेच्या वर झाले. मी आनंदाने सांगितलं की आता फक्त आठ हजार बाकी. बॉइस म्हणाला, "आम्हाला एवढे पुरेत."

अल्पसंतुष्ट. हीच या गावाची अडचण.

चर्चजवळच्या घळीपलीकडच्या उंडीनच्या जागेतलं गवत कुणीतरी साफ कापलंय. जमीन अगदी सपाट केली आहे. तिच्या शेळ्यांनी आता खायचं काय? या बाईला पुढचा विचार म्हणून नाही.

८ मे

पकरिनला फोन. सुट्टीच्या दिवशी मी केंद्रावर असले, तरी पायाची आखणी करून टाक म्हटलं. त्या दिवशी त्याचे दोन्ही ट्रक आधीच ठरलेत म्हणे. कुणी ठरवले विचारलं तर खोकला आला त्याला. कुठलातरी पक्ष असणार. लाज वाटते सांगायला.

११ मे, रविवार

विषय: उठा आणि बांधा. कर्तव्याची हाक आली की माणसाने बसून राहू नये. आपल्या हातांनी देवाचं घर उभारावं, कुणाच्या परवानगीची वाट बघू नये. (हा टोला परवान्याच्या ऑफिसला होता.)

"आमेन." सगळ्यांनी, एका आवाजात. छपराच्या पत्र्यांतून परत आलं.

मला रडू आलं. पन्नास मिनिटांतच थांबले. बाहेर पडताना एकेक जण हात मिळवून गेला. उंडीनने तर माझा हात जरा जास्तच वेळ धरला. स्टँडवर कुणाला पोचवायला गेल्यावर धरतात तसा.

१५ मे, गुरुवार. मतदान

५.४०. केंद्र तयार. शाई, याद्या, पेट्या. खिडक्या उंचावर, बाहेरचं फक्त आकाश आणि ट्रकचे माथे दिसतात.

६.०५. रांगेत पहिला डिकन बॉइस. जुने कपडे, पट्ट्याला हातोडा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम. मी त्याच्या बोटाला शाई लावली. म्हणाला, "येतो, पास्टर गिटन्स."

६.३०. उंडीन, पँट घालून, डोक्याला फडकं. या वयात पँट. मागोमाग आमची मंडळी, एकामागून एक. सगळ्यांचे कपडे जुनाट. मतदानाला नटून यावं असं चारही भागांत सांगायचं राहिलं. माझी चूक.

७.४५. आमच्या चर्चचे एकतीसच्या एकतीस जण मत देऊन गेले. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला की असं त्याने कधी बघितलं नाही. मी त्याला प्रवचनमालेबद्दल सांगितलं. भाग दोनपर्यंत पोचले, तेवढ्यात मतदार आले.

१०.१५. गावाकडून ठोकाठोक ऐकू येतेय. सुट्टीचा उपयोग करतोय कुणीतरी.

१२.३०. जेवण आलं. मक्याच्या पिठाचं कूकू, मासे, बाटलीत माबीचं सरबत. भरपूर. दोन माणसांचं. मी कशासाठीही बाहेर पडू नये इतकं.

१.५०. एक ट्रक गेला. वर हिरव्या झडपा रचलेल्या. आमच्या झडपांचाच हिरवा. हा रंग फार लोकप्रिय झालाय. नव्या चर्चला वेगळा घ्यावा.

३.२०. ट्रक. बाकं. पक्षाची सभा असणार.

३.२५. घंटेचा एक ठोका, रस्त्यावरून चालल्यासारखा. ऊन फार आहे.

५.३०. ठोकाठोक अजून चालूच. आता घळीच्या बाजूने.

१६ मे, शुक्रवार, सकाळ

मोजणी संपवून सहा वाजता बसस्टॉपवर उतरले. ज्या बसस्टॉपला नव्या चर्चमध्ये घ्यायचं होतं, त्याच.

चर्च नाही.

आधी वाटलं चुकीच्या स्टॉपवर उतरले. मग दगड दिसले. चार रांगा, जागच्या जागी. मधली माती फिकट, कोरडी, चौकोनी. ऐंशी वर्षांत तिला ऊन लागलेलं नव्हतं. शेजारच्यांच्या कोंबड्या त्यावर फिरत होत्या.

ब्लॉकही नाहीत. एकही.

माझं प्रवचनाचं पुलपिट तेवढं ठेवलंय. चार वर्षांपूर्वी मी घेतलेलं, काचेचं. पाऊस आला तर म्हणून वर ताडपत्री बांधलेली, कोपरे नीट दुमडलेले. ताडपत्रीवर बिस्किटांच्या खोक्याचं मॉडेल.

घळीपर्यंत गेले. पलीकडे उंडीनच्या जागेत चर्च उभं होतं. तोंड पूर्वेला, तेच छप्पर, हिरव्या झडपा. खाली माझे ब्लॉक. सिमेंट न लावता नुसते रचलेले, जुन्या पद्धतीने. बॉइस शिडीवर होता. मंडळी डबे उघडून नाश्ता करत होती.

मी म्हटलं की ही चोरी आहे, पोलीस बोलावते, मिशनला कळवते.

बॉइस खाली उतरला. खिशातून कागद काढला, घडी उघडली. ठरावाची प्रत. खाली माझी सही.

"जमीन मिशनची," तो म्हणाला. "जशीच्या तशी ठेवली आहे. झाडूनही घेतली."

मी उंडीनकडे वळले. हे सगळं तिनेच केलं असणार. ती उकडलेलं केळं खात होती. म्हणाली, "तू शिकवलंस तसंच केलं गं. लवकर मत दिलं. नंबर होतेच. आणि खरं सांगू? एकोणीस वर्षांत तुझं कुठलंही काम इतकं सोपं झालं नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ मे

मिशनच्या ऑफिसला फोन. त्यांच्या वकिलाने ठराव वाचून घेतला. इमारत सभासदांचीच, म्हणाला. हा कागद त्यांना कुणी दिला, हे विचारलं. मी म्हटलं, चौकशी करते.

पकरिन भेटला. भाड्याने ट्रक दिले, त्यात काय ते नेतात हे विचारायची त्याची पद्धत नाही. आता जागा मोकळी झाली आहे, पाया लगेच घेता येईल म्हणतो.

तसं बघितलं तर त्यांनी माझं काम सोपंच केलं. पाडायचं होतंच. उद्या मोकळ्या जागेत उपासना. लोक उत्सुकतेने येतील. चार-पाच तरी.

१८ मे, रविवार

नऊला ताडपत्री सोडली. पुलपिटामागे उभी राहिले. साडेनऊपर्यंत वाट बघितली. मग सुरुवात केली. वेळेची शिस्त मोडू नये.

बांधकामाचा अहवाल दिला. जागा उपलब्ध झाल्याचं सांगितलं. कोंबड्या होत्या, एक बस थांबली आणि गेली. ड्रायव्हरने टोपी काढली. मयत आहे असं वाटलं असावं.

सहा-सात मिनिटांनी थांबले. याआधी कधी मधेच थांबले नव्हते, त्यामुळे पुढे काय करायचं ते कळेना.

थांबल्यावर ऐकू आलं. घळीपलीकडून गाणं. मग एकेकाचं बोलणं, शब्द कळत नव्हते. एक उठायचा, थोडं बोलायचा, बसायचा. मग दुसरा. मधे हसणं. बॉइस बोलला तेव्हा आवाजावरून कळलं. एकोणीस वर्षांत त्याला झडपेखेरीज दुसरं काही करताना मी बघितलं नव्हतं. त्याला बोलता येतं. थोडंच बोलला. चांगलं बोलला असावा, कारण नंतर बराच वेळ सगळे गप्प होते, आणि ते गप्प राहणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

मी दगडावर बसले. पहिल्यांदाच बसले या जागेत.

आणि मदर ब्रूमचं आठवलं, जे मी कधी लिहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली होती, पायरीवर शेजारी जागा केली होती. मी म्हटलं होतं, वेळ नाही. उभ्यानेच बोलत राहिले होते. त्या शेंगा सोलत होत्या, मान वर करून माझं ऐकत होत्या, आणि मान दुखायला लागल्यावर ते वाक्य म्हणाल्या होत्या.

२१ मे, बुधवार

बॉइसला चिठ्ठी लिहायची ठरवली. पोस्टाने नाही, उंडीनच्या शेळ्यांच्या फाटकाला अडकवायची.

पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात "गैरसमज" हा शब्द अकरा वेळा होता. फाडला.

दुसरा एका पानाचा. मी रविवारी येईन, फक्त सुरुवातीला दोन मिनिटं परिस्थितीचा अहवाल देईन, मग. इथपर्यंत लिहिलं. दोन मिनिटं खोडून एक मिनिट केलं. मग तोही कागद फाडला.

तो नाहीच म्हणणार आहे. दारात टोपी हातात घेऊन उभा होता आणि मी त्याला कोंबड्यांबद्दल सांगितलं होतं. त्याच्या जागी मी असते, तर उत्तरही पाठवलं नसतं.

तिसरा, जसाच्या तसा इथे उतरवून ठेवते:

डिकन बॉइस,
या रविवारी मला आत येऊ द्याल का? पुलपिट आणणार नाही. बोलणार नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, एकेचाळीस नंबरच्या फळीला टेकून बसेन. उठा म्हणालात तर उठेन. पण बसू द्या.
ऑरीन